रक्ताची गुठळी : जखमेवर उपकारक, रक्तवाहिनीत घातक

मारतहळ्ळी (बंगळुरू) : बंगळुरूच्या पूर्व भागातील मारतहळ्ळी परिसर बाह्य वर्तुळाकार मार्गालगतच्या माहिती तंत्रज्ञान उद्योगांसाठी ओळखला जातो. तासन् तास संगणकासमोर बसून काम करणारे आणि पुणे-मुंबईकडे रात्रभर बसने प्रवास करणारे अनेक मराठी भाषकही या शहरात राहतात. अशा दीर्घ बैठकीचा संबंध रक्ताच्या गुठळीशी येतो.

रक्त गोठणे ही मूलतः शरीराची संरक्षक यंत्रणा आहे. रक्तवाहिनीला इजा होताच प्लेटलेट्स त्या जागी चिकटतात. पाठोपाठ रक्तातील घटक क्रमाक्रमाने कार्यान्वित होऊन थ्रॉम्बिन तयार होते. ते फायब्रिनोजेनचे रूपांतर फायब्रिनच्या धाग्यांत करते आणि या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी घट्ट होते. जखम भरल्यावर प्लाझ्मिन हे विकर ती विरघळवते.

हा समतोल ढळला की धोका उद्भवतो. वाहिनीच्या अस्तराला इजा, मंदावलेला रक्तप्रवाह आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती ही त्याची तीन कारणे जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाने ओळखली जातात. त्यांचा जन्मदिन, १३ ऑक्टोबर, २०१४ पासून जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो.

हृदयाच्या रोहिणीत गुठळी अडकल्यास हृदयविकाराचा झटका, तर मेंदूच्या रोहिणीत अडकल्यास पक्षाघात होतो. पायाच्या खोल नीलेतील गुठळी सुटून फुप्फुसात पोहोचल्यास प्राणावर बेतू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अभ्यासानुसार, चार तास वा अधिक काळच्या बैठ्या प्रवासाने नीलेतील गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही निरोगी व्यक्तींत तो ६,००० मध्ये एक इतकाच असतो. शस्त्रक्रिया, गर्भारपण, कर्करोग, स्थूलता व धूम्रपान यांमुळे तो वाढतो.

उपचारात वेळ निर्णायक ठरते. अभिनेते पुनीत राजकुमार यांचे २९ ऑक्टोबर २०२१ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले. त्यांच्या नावाने कर्नाटक शासनाने राबविलेल्या ‘हृदय ज्योती’ योजनेत तालुका रुग्णालयांतच गुठळी विरघळविणारे टेनेक्टेप्लेस हे इंजेक्शन देण्याची व्यवस्था असून बंगळुरूची जयदेव हृदयरोग संस्था तिला मार्गदर्शन करते.

पक्षाघातात असे औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मात्र मेंदूतील रक्तस्रावानेही तीच लक्षणे दिसतात आणि तेव्हा हे औषध घातक ठरते. म्हणून आधी स्कॅन अनिवार्य असतो. घरच्या घरी ॲस्पिरिन देऊन वाट पाहणे धोक्याचे आहे.

छातीत दडपण, अचानक धाप, वाकडा झालेला चेहरा, लुळा पडलेला हात, अडखळणारे बोलणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असल्यास ती तेल लावून चोळू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. बैठ्या कामात ठराविक वेळाने उठून चालणे आणि पुरेसे पाणी पिणे हितकारक ठरते.