बारा घरं आणि अठ्ठ्याहत्तर पत्ते

परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आता तीच पन्नाशीला टेकली आहे, पण हाक अजून 'बाई' अशीच. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलली आणि मग पर्समधून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. पत्रिकेची नेहमीची चौकट, पण घरांत ग्रहांऐवजी टॅरोच्या पत्त्यांची नावं. तनुस्थानात रथ, धनस्थानात जादूगार, असं करत करत सप्तमात 'मृत्यू'. लेकीचं लग्न ठरत आलेलं. पत्ते मांडणाऱ्यांनी सांगितलं, की ही विद्या हजारो वर्षांची, इजिप्तमधली, आणि हे स्थळ पुढे नेऊ नका. "बाई, तुम्ही इतिहास शिकवायचात. खरंच इतकं जुनं आहे का हो हे?"

मी दोन दिवसांची मुदत मागितली. त्या दोन दिवसांत जे वाचलं, जे आठवलं, ते इथे मांडते.

गंमत अशी, की यात इजिप्त खरंच आहे. पण ते पत्त्यांत नाही, घरांत आहे. कुंडलीची बारा घरं इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या एक-दोन शतकांत ग्रीक राजवटीखालच्या इजिप्तमध्ये आकाराला आली. घराला ग्रीक शब्द होता 'टोपोस', म्हणजे जागा. आपण 'स्थान' म्हणतो ते तेच. ही विद्या यवनांकडून इकडे आली तेव्हा तिचे शब्दही आले. केंद्र, होरा, पणफर हे मूळचे ग्रीक. सप्तमस्थानाला आपल्या ग्रंथांत 'जामित्र' म्हणतात, तो ग्रीक 'डायामेट्रॉस', लग्नाच्या बरोबर समोरचा बिंदू. वराहमिहिराने सहाव्या शतकात हे शब्द बिनदिक्कत वापरले आहेत, आणि यवन म्लेच्छ असले तरी या शास्त्रामुळे ऋषींसारखे पूज्य, असंही म्हणून ठेवलं आहे. मराठीत या शब्दांची चर्चा शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात केली. दीक्षित शिक्षक होते, हे सांगायला मला नेहमीच आवडतं.

तर घरं दोन हजार वर्षांची. पत्ते?

टॅरो जन्मला उत्तर इटलीत, पंधराव्या शतकात, आणि जन्मला तो खेळ म्हणून. चार रंगांचे छप्पन्न पत्ते होते, त्यांत एकवीस कायमचे हुकूम आणि एक खुळा घातला, झाले अठ्ठ्याहत्तर. हुकुमावर हात मारायचा, आपल्या मेंढीकोटासारखाच. मृत्यू हा सहसा तेरावा हुकूम. तो हाती आला तर खेळणारा मनातून खूशच होत असणार, कारण खालचे बारा हुकूम तो मारतो! (आपल्याकडे सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पत्ते. बारा म्हणून काही ते कुणी बारा घरांत मांडले नाहीत. खेळले आणि डब्यात ठेवले.)

आता ज्या गोष्टीने मला रात्री झोप लागू दिली नाही ती सांगते. इटलीत फेरारा नावाचं गाव आहे. तिथल्या एस्ते घराण्याच्या हिशेबाच्या वहीत १४४२ साली या हुकुमांच्या पत्त्यांचा खर्च नोंदलेला आहे. टॅरोच्या सर्वात जुन्या नोंदींपैकी ही एक. त्याच घराण्याचा त्याच गावात स्किफानोया नावाचा महाल आहे, आणि त्याच्या एका दालनाच्या भिंतींवर १४७०च्या सुमारास बारा महिन्यांची चित्रं काढली गेली. प्रत्येक महिन्याच्या मधल्या पट्ट्यात राशी आणि तिच्याबरोबर तीन आकृत्या. मेषेची पहिली आकृती एक काळा पुरुष, फाटकी पांढरी वस्त्रं, कमरेला दोर. कोण हा? १९१२ साली आबी वारबुर्ग या जर्मन अभ्यासकाने रोममध्ये व्याख्यान देऊन त्याची ओळख पटवली. तो आपल्या वराहमिहिराचा मेषेचा पहिला द्रेष्काण! बृहज्जातकात तो काळा, लाल डोळ्यांचा, कमरेला पांढरं वस्त्र गुंडाळलेला, हातात कुऱ्हाड घेतलेला आहे. बगदादच्या अबू माशरने नवव्या शतकात भारतीयांचे द्रेष्काण आपल्या ग्रंथात घेतले, बाराव्या शतकात त्याचं लॅटिन झालं, आणि तो पुरुष फेराराच्या भिंतीवर जाऊन उभा राहिला. वाटेत त्याची कुऱ्हाड तेवढी गळाली. आणि हा द्रेष्काण तरी कुठला? ग्रीक 'डेकानॉस', आणि त्याच्याही मागे इजिप्तमधले दहा-दहा दिवसांचे छत्तीस तारकागट.

म्हणजे भिंतीवर द्रेष्काण आणि हातात टॅरो, एकाच घराण्यात, एकाच गावात. भिंतीवरचं आकाश भिंतीवर राहिलं, पत्ते खेळायला राहिले.

त्यांची गाठ पुढे बांधली गेली. १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेबेलां याने हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचा ग्रंथ असं जाहीर केलं. तेव्हा इजिप्तची लिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती, ती शांपोलियनने उलगडली १८२२ साली. बोलायला मैदान मोकळं! मग एतेला या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थाने भविष्यासाठी म्हणून वेगळा जोडच काढला. पण घरांची खरी गाठ बांधली ती लंडनमध्ये १८८८ साली निघालेल्या 'गोल्डन डॉन' या गुप्त मंडळाने. बावीस हिब्रू अक्षरांना तीन तत्त्वं, सात ग्रह आणि बारा राशी, आणि तेच बावीस पत्त्यांना. साध्या पत्त्यांपैकी छत्तीस पत्त्यांना छत्तीस द्रेष्काण. बारा घरांत गठ्ठे वाटून वाचायची रीतही त्यांचीच. त्यांच्या क्रमात सिंहाचं चित्र असलेला 'सामर्थ्य' अकरावा येत होता आणि तराजूवाला 'न्याय' आठवा. राशींशी जुळेना. तेव्हा त्यांनी पत्तेच अदलाबदल केले. त्या मंडळातल्या वेटने १९०९ साली पामेला कोलमन स्मिथ हिच्याकडून चित्रं काढून घेऊन जो जोड छापला, त्यात सामर्थ्य आठवं आणि न्याय अकरावा आहे. आज बाजारात बहुतेक तोच मिळतो.

आणखी एक. ही राशींची वाटणी आज सहसा सायन पद्धतीने वापरतात. आपली पत्रिका निरयन. दोन्हींत चोवीस अंशांच्या आसपास फरक. शिवाय सात ग्रहांत राहू-केतूंना पत्ताच नाही. म्हणजे तिच्या कागदावरची चौकट आपली आणि पत्ते लंडनचे.

दोन दिवसांनी ती आली. मी तिला हे सगळं सांगितलं, फेराराची चित्रं दाखवली. तिचा चेहरा उजळला. कागद फाडून तिने केराच्या टोपलीत टाकला. मग थोडं थांबून म्हणाली, "पण बाई, मुलाच्या खऱ्या पत्रिकेत सप्तमात मंगळ आहे. त्याचं काय?"

मी लगेच बोलले नाही. माझ्या ताईच्या पत्रिकेत अष्टमात मंगळ होता. १९६०च्या दशकात तिला पाहायला सात-आठ स्थळं आली आणि पत्रिका मागून परत गेली. ताई शेवटपर्यंत माहेरीच राहिली. आम्हा भावंडांचे अभ्यास तिने घेतले, मला बी.ए.ला घालायचा हट्ट तिचाच. वडिलांनी ती पत्रिका देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली होती, ती अजून माझ्याकडे आहे.

मी उठून ती काढून आणली आणि तिच्यापुढे ठेवली.