अंगठ्याची तार

पेन्शनीत निघाल्यावर माणसाने काय करावे, याबद्दल थोरामोठ्यांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. बँजो शिकावा, असे मात्र कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. मी शिकतो आहे. भाच्याने अमेरिकेहून येताना पाच तारांचा बँजो आणला आणि ‘‘मामा, तुम्ही नाहीतरी रिकामेच असता,’’ म्हणून माझ्या मांडीवर ठेवला.

‘‘गणपतीला अजून दोन महिने आहेत हो!’’ शेजारचे तात्या पहिल्याच दिवशी ओरडले. त्यांचा दोष नाही. आपल्या मिरवणुकीतला बँजो बटणांचा. त्याचे घराणे जपानचे. १९१२ साली नागोया शहरात निघालेल्या ताइशोगोतो नावाच्या वाद्याचे. माझा बँजो म्हणजे डफाला दांडी बसवून तारा ओढलेल्या. सुटा छेडला तर सा, ग, प एवढेच बोलतो. इथवर मी तरबेज आहे.

पुढे ब्लूग्रास लागते. केंटकी प्रांत त्या नावाच्या गवतासाठी प्रसिद्ध, म्हणून तिथल्या बिल मन्रोने आपल्या ताफ्याचे नाव ठेवले ‘ब्लू ग्रास बॉईज’. १९४५ च्या डिसेंबरात त्यात अर्ल स्क्रग्ज नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा आला आणि बँजोचे नशीब पालटले. तीन बोटांनी वाजवणारे त्याच्या मुलखात, उत्तर कॅरोलायनात, आधीही होते. पण ही सफाई नव्हती. दहाएक वर्षांचा असताना भावाशी भांडून तो खोलीत फुगून बसला आणि तिथे आपोआप तीन बोटे चालू लागली, असे तो सांगे. माझेही भावाशी भांडण झाले होते. त्यातून फक्त वाटणीपत्र निघाले.

युक्ती ऐकायला सोपी आहे. अंगठा, तर्जनी, मध्यमा, पुन्हा तेच, मग अंगठा, मध्यमा. तीन, तीन, दोन, मिळून आठ. म्हणजे आपला केरवाच, पण वजन भलतीकडे पडलेला. स्क्रग्जने १९४९ साली ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ वाजवले ते याच हिशेबावर. मी वाजवतो तेव्हा ‘ब्रेकडाउन’ तेवढे होते.

पण खरी मौज आखूड पाचव्या तारेत आहे. ती दांडीच्या मध्यावरूनच निघते, अंगठ्याने छेडायची. सतारीच्या चिकारीची मावसबहीण म्हणा. ही तार व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनी या गोऱ्या कलावंताने बसवली, असे पुस्तके कितीतरी वर्षे छापत आली. स्वीनीचा जन्म १८१० चा. आणि दक्षिण कॅरोलायनातले एक चित्र आहे, १७८५ ते ९० च्या सुमाराचे. त्यात एक गुलाम भोपळ्याचा बँजो वाजवतो आहे आणि आखूड तार जागच्या जागी आहे! पश्चिम आफ्रिकेत, सेनेगल-गांबियाकडच्या जोला लोकांच्या अकोंटिंगला ताराच तीन; त्यातली एक आखूड, अंगठ्याची. बेड्या घालून आणलेल्या माणसांनी बरोबर काही आणले नाही. वाद्य तेवढे डोक्यात आणले. पुढे गोरे नट तोंडाला काजळी फासून, त्याच माणसांची नक्कल करत, तेच वाद्य रंगभूमीवर वाजवू लागले.

द्रोणाचार्यांनी एकलव्याचा अंगठा निदान मागून घेतला. इथे अंगठ्याची तार घेतली आणि वर शोधही स्वतःच्या नावावर लावला.

तीन महिने झाले. माझी तर्जनी चुकते, मध्यमा रुसते, डाव्या हाताबद्दल बोलायलाच नको. अंगठ्याची तार मात्र चुकत नाही. ती दाबावीच लागत नाही, नुसती छेडायची. परवा तात्या दारात थबकले. ‘‘मधूनमधून एक स्वर बरा लागतोय हो तुमचा,’’ म्हणाले.

‘‘तो माझा नव्हे,’’ मी म्हटले. आणि ज्याचा, त्याचे नाव कुणी लिहूनच ठेवले नाही.