बेटासुराचं तुणतुणं

भयकथा लिहिणाऱ्याने हेवा करावा अशी एक कथा गोंधळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. परशुरामाने बेटासुर नावाच्या दैत्याचं मुंडकं उडवलं, त्याच्याच शिरा त्यात ओवून तार ताणली आणि ती छेडत तो आई रेणुकेला वंदन करायला गेला. तुण तुण असा नाद निघाला. तोच पहिला गोंधळ, म्हणतात.

आता आठवा, हा मुलगा कोण? बापाच्या आज्ञेवरून याच आईचं शीर उतरवणारा आणि मग तिला जिवंत करण्याचा वर मागून घेणारा. कवटीच्या वाद्यावर आईची समजूत काढायला निघालेला मुलगा! भयकथाकार नारायण धारपांनाही एवढं सुचलं नसतं.

तो गोंधळ आजही संपलेला नाही. पुण्याचा चांदणी चौक ओलांडला की बावधन. मुळशी तालुक्यातल्या या गावाच्या बुद्रुक भागाला 2021 साली महापालिकेने पोटात घेतलं. सोसायट्यांच्या या गर्दीत लग्न झालं, की आजही अनेक घरांत पहिला प्रश्न येतो: जागरण-गोंधळ कधी? कारण तो कार्यक्रम नव्हे, कुलदैवताचं देणं आहे. घरात दुखणं हटेना, सुनेची कूस उजवेना, की म्हातारी माणसं हळूच म्हणतात, ‘गोंधळ राहिलाय आपला.’ भीती वाद्याची नाही, ते न वाजल्याची.

मांडणी साधी. पाटावर नवं कापड, त्यावर तांदळाचा चौक, मध्ये पाण्याचा तांब्या, विड्याची पानं, नारळ. शेजारी तेलावर जळणारी दिवटी. कमरेला बांधलेल्या संबळाच्या दोन तोंडांवर काठ्या पडू लागतात, जोडीला तुणतुणं आणि झांज. मग तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी असं एकेका ठाण्याचं नाव घेऊन देवांना बोलावणं. गोंधळ्यांतही दोन घरं: रेणुराई माहूरच्या रेणुकेचे, कदमराई तुळजाभवानीचे.

प्रथा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 12व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘गोंडली’ नृत्य येतं. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदासही गोंधळी परंपरेतलाच मानतात. या उपासकांचा माग काढणारे रा. चिं. ढेरे शेजारच्या मावळातले, निगड्याचे.

पण या विधीची खरी कमाल भाऊबंदकीत दिसते. बांधावरून कोर्टात गेलेले चुलतभाऊ एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. कुलदैवत मात्र एकच. तेव्हा एकाच्या दारी चौक मांडला, की दुसऱ्याला बोलावणं धाडावंच लागतं, आणि त्यालाही यावं लागतं. समेट पहाटेपर्यंत टिकतो की पुढेही, ते घराघरावर.

देवाचं देणं राहून जाण्याच्या भीतीची एक बाजू मात्र काळीकुट्ट होती. खंडोबाला बोललेल्या नवसापोटी आईबाप पोटची मुलगी देवाला वाहत. तिचं लग्न देवाशी लावत, ती मुरळी होई, जागरणात वाघ्याच्या दिमडीवर जन्मभर नाचे. नवस आईबापांचा, फेड मुलीची. इथे मात्र संगीत शापित होतं म्हणायला हरकत नाही. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 साली ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र सुरू केलं आणि मुरळ्यांच्या प्रश्नाला हात घातला. शिवूबाई नावाच्या एका मुरळीने त्यांना पत्र लिहून आपलं जिणं मांडलं. ते छापून आलं. तिला संसार करायचा होता, आणि पुढे तिचं लग्नही झालं. मुंबई प्रांताचा देवदासी संरक्षण कायदा यायला 1934 साल उजाडावं लागलं.

मुरळी वाहणं कायद्याने बंद झालं, जागरण राहिलं. तेवढंच राहावं हेही बरंच. पूर्वी आख्यान रंगत रंगत तांबडं फुटे. आता रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, म्हणून संबळ तिन्हीसांजेलाच सुरू होतो.