पटावर न आलेलं नाव

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत सहज डोकावलो. सेविकाताई नोंदवही भरत बसल्या होत्या. "गुरुजी, आता दिव्यांग मुलांचीही नोंद बघावी लागते," त्या म्हणाल्या. वहीत असं एकच नाव होतं. घरी आलो, पण ती वही काही डोक्यातून जाईना. कारण चाळीस वर्षांपूर्वी असंच एक नाव लिहायचं मी टाळलं होतं.

१९८४ साल असेल. पाथर्डी तालुक्यातल्या एका खेड्यात मी शिक्षक होतो. जूनच्या आधी पटनोंदणीसाठी आम्ही घरोघर फिरायचो. त्याच फेरीत बालवाडीची मुलंही टिपून ठेवायचो. एका ओसरीवर चारेक वर्षांचा मुलगा बसला होता. हाक मारली तरी बघेना. आई म्हणाली, "त्याला ऐकू येत नाही. पण घ्याल का गुरुजी बालवाडीत?" मी म्हणालो, "बाई, अशा मुलांची शहरात वेगळी शाळा असते. मोठा झाला की तिकडं घाला." आणि पुढच्या घराकडे वळलो.

मी खोटं बोललो नव्हतो. पण ते ऊसतोडीला जाणारं घर होतं. दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाड गाडीत, ते उन्हाळ्यातच परत. त्यांना शहरातली शाळा कोण दाखवणार? तो मुलगा कुठल्याच शाळेत गेला नाही.

शाळेत कोणी यायचं, हा प्रश्न आपल्या नगरला (आता अहिल्यानगर) फार जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फरार १८३९ मध्ये इथे आल्या आणि १८६२ मध्ये वारल्या. त्यांनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिकवण्याचे धडे त्यांच्याकडेच घेतले. मुलींनी शिकायचं ही गोष्टच तेव्हा लोकांना पटत नव्हती. याच मिशनच्या मिस मिलर्ड यांनी १९०० साली, मोठ्या दुष्काळाच्या काळात, मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली.

लहान मुलांच्या शिक्षणाचा विचार मात्र बराच नंतर खेड्यात पोचला. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. दलित वस्तीतली मुलं बालवाडीकडे येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९५७ मध्ये हेच काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी गेलं. मूल येत नसेल तर आपण जायचं, एवढा साधा नियम.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशभर ३३ प्रकल्प होते. आपल्या राज्यातले धारावी आणि धारणी त्यांतलेच. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पूर्वप्राथमिक शिक्षण, सगळं एका छपराखाली, आणि सहा वर्षांखालच्या सर्व मुलांसाठी.

या 'सर्व' शब्दातच घोटाळा झाला. अपंग मुलांचं खातं वेगळं, समाजकल्याणाकडे. विशेष शाळा बहुतेक संस्थांनी चालवलेल्या, त्यांत प्रवेश साधारण सहाव्या वर्षानंतर. म्हणजे तीन ते सहाचं अपंग मूल या खात्यात नाही आणि त्या खात्यातही नाही. आईबापांनीच कुठे कुठे दारं उघडली. मुंबईत १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपल्या लेकीसाठी जी शाळा सुरू केली, ती आजची जय वकील शाळा. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनीही लेकीच्याच निमित्ताने 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' काढली. पुढे याच अलूरबाईंनी डॉक्टरेटसाठी या बालविकास योजनेचाच अभ्यास केला. कागदावर 'सर्व मुलं' असूनही अपंग मुलं अंगणवाडीबाहेरच राहतात, हे त्यांनी दाखवून दिलं. मग त्यांच्या संस्थेने धारावीतल्या अंगणवाड्यांत अपंग मुलांना इतरांच्या मांडीला मांडी लावून बसवलं.

त्यांचा तो निष्कर्ष वाचताना मला ती ओसरी आठवली. मला कोणी 'घेऊ नका' असं सांगितलं नव्हतं. 'घ्या' असंही सांगितलं नव्हतं. तेवढं मला पुरलं.

कायदेही वयापाशी अडले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाला हक्क दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, पण मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ असाच धरला. आणि ऐकू न येणाऱ्या मुलाची भाषा तर पहिल्या काही वर्षांतच घडायला हवी. सहाव्या वर्षी शाळेत घातलं तर तोवर फार उशीर झालेला असतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणी करतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची खास कार्यपद्धती जाहीर केली. चांगलं झालं. पण पथक येईल त्या दिवशी मूल उसाच्या फडावर असलं तर? अकोल्याच्या डोंगरातल्या ठाकर वाडीतलं पोर असलं, आणि अंगणवाडीपर्यंत चालतच येऊ शकत नसलं तर? एकाच मुलाच्या वाट्याला दोन-दोन, तीन-तीन अडचणी येतात. वहीत मात्र रकाना एकच असतो.

काल पुन्हा अंगणवाडीत गेलो आणि ही सगळी कथा सेविकाताईंना सांगितली. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मागच्या वस्तीवर एक मुलगी आहे, साडेतीन वर्षांची. आई पाठवत नाही, लोक हसतील म्हणते. तुम्ही याल का माझ्याबरोबर? म्हाताऱ्या माणसाचं ऐकतात."

सोमवारी सकाळी जायचं ठरलं आहे. मंडळी, तुमच्याही गल्लीत अंगणवाडी असेलच. एकदा ती वही बघून या.