गिंडीचा विद्यार्थी आणि एमपी-थ्रीचे गणित

मार्गळी महिन्यात चेन्नईत कर्नाटक संगीताच्या मैफिलींचा हंगाम भरतो. त्यातील तासाभराची एक मैफल सीडीच्या दर्जाने मुद्रित केली, तर सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटांचा आणि वाहिन्या दोन, या हिशेबाने सुमारे 635 मेगाबाइटची वेव्ह फाइल तयार होते. तीच मैफल सेकंदाला 128 किलोबिट दराच्या एमपी-थ्रीमध्ये जेमतेम 58 मेगाबाइटमध्ये मावते. हे ज्या गणितामुळे शक्य झाले, त्याच्या इतिहासाचा एक धागा याच शहरातून निघतो.

1794 मध्ये सर्वेक्षण शाळा म्हणून सुरू झालेल्या गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून कमिसेट्टी राममोहन राव 1952 मध्ये पदवीधर झाले. पुढे ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन केंद्रात प्राध्यापक झाले. त्यांचे मित्र, बंगळूरचे नासिर अहमद, कॅन्सस येथे अध्यापन करीत. 1972 मध्ये अहमद यांनी डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मच्या अभ्यासासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. कल्पना फारच सोपी वाटते, असे सांगून ते नाकारण्यात आले. अहमद यांनी काम थांबवले नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र राव यांच्यासह त्यांनी जानेवारी 1974 मध्ये एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. ध्वनी हा त्या निबंधाचा विषयही नव्हता.

या रूपांतरात संकेताची मांडणी वेगवेगळ्या वारंवारतेच्या कोसाइन लहरींच्या बेरजेत केली जाते. बहुतेक ऊर्जा मोजक्या सहगुणकांत गोळा होते. एवढ्याने काहीच गमावले जात नाही. काय गाळता येईल, हे मात्र स्पष्ट दिसू लागते. 1987 मध्ये प्रिन्सेन, जॉन्सन आणि ब्रॅडली यांनी याच कुळातील एक सुधारित रूपांतर ध्वनीसाठी मांडले. त्यात लगतचे तुकडे एकमेकांवर अर्धे चढवलेले असल्याने सांधे ऐकू येत नाहीत. जर्मनीत एर्लांगेन येथे कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला मानवी श्रवणाच्या अभ्यासाची जोड दिली. मोठ्या आवाजाखाली जवळच्या वारंवारतेचा क्षीण आवाज झाकला जातो. म्हणून तो कमी बिटांत, ढोबळपणे नोंदवायचा. संबंधित मानक 1993 मध्ये प्रसिद्ध झाले आणि जुलै 1995 मध्ये ‘एमपी-थ्री’ हे फाइलनाम रूढ करण्याचे ठरले.

या काटकसरीची किंमतही आहे. मृदंगावरील थाप अचानक येते. संकोचनातील त्रुटी मात्र संपूर्ण तुकड्यावर पसरते. त्यामुळे थापेच्या किंचित आधीच तिची पुसट चाहूल लागते. अशा ठिकाणी तुकडे लहान करून हा दोष कमी करतात, तरी कमी बिटदरावर तो जाणवू शकतो. शिवाय गाळलेला तपशील परत मिळत नाही. एमपी-थ्रीची पुन्हा वेव्ह फाइल केली, तर केवळ आकार वाढतो.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्राहक संघटनेची शिफारस अशी, की जुन्या फितीचे अंकीकरण करताना सेकंदाला किमान 48,000 नमुने आणि 24 बिट या दर्जाची असंकोचित प्रत जपावी, आणि श्रोत्यांसाठी तिच्यावरून छोटी प्रत करावी. घरातील जुन्या कॅसेटी संगणकावर घेणाऱ्यांनीही हाच क्रम पाळावा. राव जानेवारी 2021 मध्ये निवर्तले. त्यांच्या सहभागाने सिद्ध झालेले ते ‘फारच सोपे’ गणित आज आपल्या खिशातील प्रत्येक फोनमध्ये चालू आहे.