तुटलेल्या जोडण्यांचा कारभार

सर्व्हरचा इतिहास सांगताना त्याने किती ग्राहकांना किती वेगाने सेवा पुरवली, याचेच वर्णन बहुधा केले जाते. परंतु मध्येच तुटलेल्या जोडणीची वासलात कोणी लावावी, या प्रश्नाला निरनिराळ्या काळी मिळालेली उत्तरे पाहिली, म्हणजे त्या इतिहासाचे खरे मर्म हाती लागते.

१९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून ४.२ बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती बाहेर पडली आणि सॉकेटची व्यवस्था प्रचारात आली. त्या काळचा रिवाज असा की, नवी जोडणी येताच सर्व्हरने ‘फोर्क’ करून स्वतंत्र प्रोसेस निर्माण करावी, त्या ग्राहकाची सर्व जबाबदारी तिच्यावर सोपवावी आणि आपण पुढच्या जोडणीची वाट पाहावी. ग्राहक अकस्मात नाहीसा झाला किंवा प्रोग्राममध्ये दोष निघाला, तर ती एकटी प्रोसेस मरे. आणि निर्वंश वतनदाराची चीजवस्तू सरकारजमा व्हावी, त्याप्रमाणे तिची मेमरी, तिच्या उघड्या फाइली व तिचे सॉकेट कर्नल आपल्या ताब्यात घेई. शेजारच्या जोडणीला त्याची वार्ताही लागत नसे.

ही व्यवस्था निर्धोक खरी, पण खर्चिक. एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार ग्राहक का सांभाळू नयेत, असा रोकडा सवाल डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडला, तेव्हा दहा हजार प्रोसेस पोसणे परवडणारे नव्हते. एकाच प्रोसेसने अनेक सॉकेटांवर नजर ठेवण्याची ‘सिलेक्ट’ ही सोय ४.२ बीएसडीतच होती. परंतु तिची यादी बहुतेक ठिकाणी १,०२४ वर संपे आणि प्रत्येक खेपेस ती सबंध तपासावी लागे. फ्रीबीएसडीतील केक्यू (२०००) आणि लिनक्समधील ईपोल (२००२) यांनी हा अडसर दूर केला, आणि इगोर सिसोएव्ह यांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, एनजिनएक्सने मोजक्या प्रोसेसांवर हजारो जोडण्यांचा भार पेलून दाखवला.

मात्र सारा कारभार एका लूपच्या हाती आल्याबरोबर, कर्नल आजवर बिनबोभाट उरकीत असलेली निरवानिरव सर्व्हर लिहिणाराच्या माथी आली. रिचर्ड स्टीव्हन्स यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात वर्णिलेला प्रसंग असा: सिलेक्टने जोडणी आल्याची वर्दी दिली, सर्व्हर क्षणभर अन्य कामात गुंतला, तेवढ्यात ग्राहकाने जोडणी रद्द केली आणि बर्कली परंपरेतील कर्नलने ती रांगेतून परस्पर वगळली. आता सर्व्हर ‘ॲक्सेप्ट’ करू जातो तो रांग रिकामी. दुसरा कोणी येईपर्यंत तो तेथेच खोळंबतो आणि बाकीचे सर्व ग्राहक तिष्ठत राहतात. म्हणून नव्या जोडण्यांची वाट पाहणारे सॉकेटसुद्धा नॉन-ब्लॉकिंग ठेवावे, आणि रिकाम्या हाती परतणे ही मामुली बाब समजावी, असा दंडक पडला.

दुसरा पेच याहून विचित्र आहे. प्रोसेसला मंजूर असलेले फाइल डिस्क्रिप्टर संपले, की ॲक्सेप्ट ‘ईएमफाइल’ ही त्रुटी देऊन परततो, पण जोडणी रांगेतच राहते. त्यामुळे लूपला पुन्हा वर्दी मिळते, पुन्हा नकार मिळतो, आणि काडीचेही काम न होता प्रोसेसर पूर्ण वेगाने फिरत राहतो. एक डिस्क्रिप्टर आरंभापासून राखीव ठेवावा, प्रसंगी तो बंद करून त्या जागी जोडणी स्वीकारावी, ती लगेच मिटवावी आणि राखीव जागा पुन्हा भरावी, ही तोड लिबइव्ह या लायब्ररीच्या दस्तऐवजात नमूद आहे.

२००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेने तळाशी लिनक्सवर ईपोलच ठेवून वर प्रत्येक जोडणीला हलकी गोरूटीन दिली. तिच्या एचटीटीपी सर्व्हरमध्ये हँडलरात ‘पॅनिक’ उद्भवला, तर तो त्या जोडणीपुरताच आवरला जातो. परंतु हँडलरने स्वतः सुरू केलेल्या दुसऱ्या गोरूटीनमध्ये तो उद्भवला आणि तेथेच आवरला नाही, तर सबंध सर्व्हर कोसळतो. कर्नलने आखून दिलेली जुनी हद्द आता प्रोग्रामरने स्वतः आखावयाची आहे, एवढाच या अपवादाचा अर्थ.