लिफ्ट स्पेसर
लिफ्ट स्पेसर ही पिकअप ट्रकच्या पुढील स्ट्रटच्या माथ्यावर बसवली जाणारी धातूची किंवा कठीण प्लास्टिकची चकती होय. तिच्यामुळे ट्रकचा पुढचा भाग उंचावतो. स्प्रिंगचा ताठपणा, शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा पल्ला व ट्रकची ओढक्षमता मात्र वाढत नाही. चाकाच्या हालचालीची कक्षा खाली सरकते. परिणामी चाक पूर्ण लोंबल्यास बॉल जॉइंटवर अधिक ताण येतो.

अनेक पिकअप ट्रकांचा मागचा भाग मुळातच किंचित उंच असतो, जेणेकरून भार पडल्यावर ट्रक समतल व्हावा. स्पेसरमुळे ही तजवीज नाहीशी होते. जड ट्रेलर जोडल्यावर मागचा भाग दबतो, पुढील चाकांवरील भार घटून स्टिअरिंगवरील नियंत्रण कमी होते आणि दिव्यांचा झोत समोरील चालकाच्या डोळ्यांवर जातो. म्हणून स्पेसर बसवल्यानंतर चाकांचे अलाइनमेंट व दिव्यांची दिशा पुन्हा जुळवावी लागते.